खालित्यचिकित्सा : उपायाच्या निवडीचा इतिहास

(१)

राजकारण, मुलूखगिरी व वंशावळी यांच्या शोधांत गुंतलेल्या अभ्यासकास टकलाचा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या व्यथेनें वेदकालापासून माणसाच्या मनास टोंचणी लावली, जिच्यापायीं असंख्य वनस्पति उगाळल्या गेल्या व अमाप द्रव्य खर्चीं पडलें, तिलाहि इतिहास आहे. आणि तो लिहितांना पुरावा पारखण्याचे जे नियम बखरीस व सनदेस लागू पडतात, तेच येथेंहि लागू पडतात. पंचविशीच्या आंतबाहेर ज्याचे कपाळावरील केस मागें हटूं लागतात, त्याच्यापुढें आज अनेक उपाय मांडले जातात. त्यांतून कोणता घ्यावा व कोणता टाकावा हें ठरविण्याची कसोटी कोणत्या क्रमानें हातीं आली, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडील या विषयाचा एक फार जुना उल्लेख ऋग्वेदाच्या आठव्या मंडलांतील ९१ व्या सूक्तांत आहे. अपाला नांवाची कन्या इंद्रापाशीं तीन ठिकाणीं उगवण मागते : बापाच्या मस्तकावर, शेतांत, आणि स्वतःच्या अंगावर. बापाचें टक्कल व नापीक जमीन यांची सांगड तिनें एकाच मागण्यांत घातली आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडांतील १३६ व १३७ हीं सूक्तें तर केसांच्या वाढीसाठींच आहेत. पहिल्यांत नितत्नी नांवाची वनस्पति खणून काढल्याचें वर्णन आहे. दुसऱ्यांत केशवर्धक वनस्पतीचा पूर्ववृत्तांत येतो : जमदग्नीनें ती आपल्या कन्येसाठीं खणली व वीतहव्यानें ती असिताच्या घरून आणली. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. औषधाच्या गुणाबद्दल जी साक्ष दिली आहे ती एवढीच, कीं पूर्वीं कोणा थोरानें तें वापरलें होतें. थोरांच्या नांवाची ही साक्ष पुढें हजारों वर्षें पुरली.

आपल्या देशाबाहेरहि स्थिति निराळी नव्हती. इ. स. पूर्वीं १५५० च्या सुमाराच्या, ईबर्स या नांवानें प्रसिद्ध असलेल्या मिसर देशाच्या वैद्यकीय पपायरसांत टकलावर सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप व रानबोकड यांच्या चरबीचें मिश्रण चोळण्यास सांगितलें आहे. तें कोणास लाभलें व कोणास लाभलें नाहीं याचा हिशेब मात्र कोणीं ठेवलेला नाहीं.

(२)

आयुर्वेदाच्या संहितांत या रोगाचा विचार मंत्रापासून अलग झालेला दिसतो. सुश्रुताच्या निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायांत क्षुद्ररोगांच्या मालिकेंत इंद्रलुप्त येतें. रोमकूपांत शिरलेलें पित्त वाताशीं मिळून केस पाडतें, आणि नंतर रक्तासह कफ त्या कूपांचीं तोंडें बंद करतो, म्हणून तेथें दुसरा केस उगवत नाहीं, अशी त्याची उपपत्ति आहे. यालाच खालित्य व रुज्या हीं नांवें तो देतो. चरकाच्या चिकित्सास्थानांत शरीरांतील तेज वातादि दोषांसह केशभूमि जाळतें व खालित्य आणतें, आणि ती थोडीच जळली तर केस पिकतात, असें म्हटलें आहे. उपपत्ति आज टिकत नसली तरी निरीक्षण बारीक आहे : केस गळणें व गळलेल्याच्या जागीं दुसरा न येणें या दोन निराळ्या घटना आहेत, हें सुश्रुतानें हेरलें होतें.

त्याच्याहि पुढें वाग्भट गेला. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत त्यानें इंद्रलुप्त व खलति यांत भेद केला. पहिल्यांत केस एकाएकीं जातात, दुसऱ्यांत क्रमाक्रमानें. मराठींत ज्याला चाई म्हणतात तो रोग व वयाबरोबर कपाळ उघडें पाडणारें टक्कल यांतील फरक हाच होय. शिवाय खलतीचे दोषांप्रमाणें प्रकार सांगून, जेथें कातडी नखासारखी गुळगुळीत व भाजल्याप्रमाणें निर्लोम झाली आहे तें टक्कल त्यानें असाध्य ठरविलें. एक रोग दोन नांवांनीं ओळखावा आणि त्याच्या एका अवस्थेनंतर वैद्यानें हात आवरावा, असे हे दोन निर्णय आहेत. उपायाच्या निवडीच्या इतिहासांत यांचें मोल कोणत्याहि तेलापेक्षां अधिक आहे.

उपाय पाहूं गेल्यास सुश्रुतानें स्नेहन-स्वेदनानंतर मस्तकावरील शिरेचा वेध करून मिरें, मनःशिळा, कासीस व मोरचूद यांचा लेप सांगितला आहे. किंवा त्वचेवर खोल ओरखडे काढून गुंजेचा लेप. किंवा जाई, कण्हेर, चित्रक व करंज यांनीं सिद्ध केलेलें तेल. यांतील बहुतेक द्रव्यें दाहक आहेत. कातडी चेतविली असतां केस येतात, असा अनुभव त्यामागें असावा असें दिसतें. आणि चाईच्या कांहीं प्रकारांत आजहि चर्मवैद्य दाहक द्रव्यांचा उपयोग करतात, हें येथें नमूद करण्यासारखें आहे. परंतु चाईचे केस पुष्कळदां औषधावांचूनहि परत येतात. जो रोग आपोआप बरा होतो त्यावरील लेपाला यश सहज मिळतें, आणि तेंच यश मग न बरें होणाऱ्या टकलाच्या खातीं जमा होतें. वाग्भटानें केलेला भेद बाजारानें पुसला, तो या मार्गानें.

(३)

टकलाच्या खऱ्या कारणाचा पहिला धागा मात्र निराळ्याच ठिकाणीं सांपडतो. हिपोक्रेटीसच्या सूत्रांत षंढास संधिवाताचा एक विशिष्ट प्रकार होत नाहीं व टक्कलहि पडत नाहीं, असें विधान आहे. ॲरिस्टॉटलनेंहि प्राणिविषयक ग्रंथांत तेंच निरीक्षण नोंदविलें. इकडे सुश्रुताच्या टीकाकारांनीं विदेहाच्या नांवावर एक वचन दिलें आहे. त्यांत स्त्रियांना खालित्य होत नाहीं असें सांगून त्याचें कारण रजःस्रावाकडे लावलें आहे. स्त्रियांचे केस विरळ होतात हें खरें असल्यामुळें तें वचन शब्दशः ग्राह्य नाहीं. तथापि पुरुषांतील कपाळापासून सुरू होणारें टक्कल स्त्रियांत क्वचितच दिसतें, ही त्यांतील जाण यथार्थ आहे. परस्परांपासून दूर असलेल्या या दोन्ही देशांत विद्वानांनीं टकलाचा संबंध पुरुषत्वाशीं जोडला होता. त्या धाग्याच्या आधारें पुढें जाण्यास मात्र दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं.

मधल्या काळांत उपाय म्हणजे बहुतांशीं झांकणें होतें. ज्यूलियस सीझर विरळ केस डोक्याच्या मागून पुढें विंचरून घेई, आणि मिळालेल्या सर्व मानांपैकीं सदैव पर्णमुकुट घालण्याचा मान त्यास विशेष प्रिय होता, असें त्याचा चरित्रकार सुटोनियस लिहितो. आपल्याकडे भर्तृहरीच्या नीतिशतकांतील दृष्टांतांत उन्हानें पोळलेला टकल्या सावलीसाठीं झाडाखालीं जातो व वरून पडलेल्या फळानें त्याचें डोकें फुटतें; तर टकल्या सहसा निर्धन नसतो, असाहि समज रूढ होता. एकाच लक्षणावर दैन्याचा व भाग्याचा असे दोन्ही शिक्के बसले आहेत. महाराष्ट्रांत पेशवाईच्या काळीं शेंडी राखून बाकीचें डोकें भादरण्याची व त्यावर पागोटें बांधण्याची चाल होती. अशा समाजांत तरुणाचें कपाळ दोन बोटें मागें हटलें तरी तें पागोट्याखालींच राही. पुढें डोक्यावर केस राखण्याची व उघड्या डोक्यानें वावरण्याची रीत पडली, तेव्हां तेंच कपाळ चारचौघांत दिसूं लागलें. रोग होता तोच राहिला. त्याची बोच किती हें मात्र चालीरीतींनीं ठरविलें.

जेथें बोच वाढली तेथें विक्रेता आला. केशवर्धक तेलें व अर्क यांच्या जाहिरातींचा पुरावा एकाच जातीचा असे : समाधान पावलेल्या ग्राहकाचें पत्र. अशा पत्राची किंमत घटनेनंतर पुष्कळ वर्षांनीं, धन्याच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीएवढीच समजली पाहिजे. बखर सर्वस्वीं खोटी नसते. पण जें धन्यास नको तें तींत येत नाहीं. ज्यांचे केस आले नाहींत त्यांचीं पत्रें छापलीं जात नव्हतीं. अखेर कायद्यास मधें पडावें लागलें. अमेरिकेच्या औषधखात्यानें १९८९ सालीं असा निर्णय दिला कीं, वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकल्या जाणाऱ्या त्या वेळच्या कोणत्याहि केशवर्धक औषधाचा गुण सिद्ध झालेला नाहीं. भारतांतहि औषधनियमांच्या ‘जे’ अनुसूचींत, ज्या रोगांचा प्रतिबंध करण्याचा वा ते बरे करण्याचा दावा औषधावर छापतां येत नाहीं, त्यांत टकलाचें नांव घातलेलें आहे.

(४)

हिपोक्रेटीसचा धागा जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें उचलला. १९४२ सालीं त्यानें वृषणांचा स्राव नसलेल्या वा अपुरा असलेल्या १०४ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. वयांत येण्यापूर्वींच ज्यांचे वृषण गेले होते त्यांस टक्कल पडलेलें नव्हतें. त्यांपैकीं ज्यांच्या घराण्यांत टक्कल होतें अशांस टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी स्राव टोंचला असतां टक्कल पडूं लागलें. टोंचणें थांबविल्यावर तें पुढें सरकावयाचें थांबलें, पण गेलेले केस परत आले नाहींत. टकलास घराण्याचा वारसा व पुरुषी स्राव हीं दोन्ही लागतात, आणि वेळ निघून गेल्यावर कारण दूर करूनहि उपयोग होत नाहीं, असे दोन सिद्धांत यांतून निघाले. १९५१ सालीं त्यानेंच टकलाच्या पायऱ्या आंखल्या. १९७५ सालीं ओटार नॉरवुड यानें त्या सुधारून सात केल्या. आज चर्मवैद्य रोग्याची पायरी सांगतो ती याच मोजपट्टीवर.

दुसरा शोध एका गांवांत लागला. डॉमिनिकन प्रजासत्ताकांतील सालिनास या खेड्यांत कांहीं मुलें जन्मतः मुलीसारखीं दिसत व वयांत येतांच पुरुष होत. ज्युलियन इंपेराटो-मॅकगिन्ले व तिचे सहकारी यांनीं १९७४ सालीं त्याचें कारण प्रसिद्ध केलें. टेस्टोस्टेरॉनचें रूपांतर त्याहून प्रबळ अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्यें करणारें पाचकद्रव्य या लोकांत अपुरें होतें. मोठेपणीं त्यांची मूत्राशयाखालची ग्रंथि लहान राही, आणि कपाळावरील केस मागें हटत नसत. म्हणजे सारा पुरुषी स्राव न थांबवितां केवळ त्याचें हें एक रूपांतर रोखलें तर टक्कल रोखतां येईल, असें अनुमान निघालें. त्यावरून मर्क कंपनीनें तयार केलेलें फिनास्टराइड हें औषध १९९२ सालीं त्या ग्रंथीच्या वाढीवर ५ मिलिग्रॅम मात्रेंत, व १९९७ सालीं पुरुषांच्या टकलावर १ मिलिग्रॅम मात्रेंत अमेरिकेंत मान्य झालें.

दुसरें औषध योगायोगानें आलें. अपजॉन कंपनीचें मिनॉक्सिडिल हें वस्तुतः रक्तदाबावरील औषध. त्याच्या गोळ्या १९७९ सालीं मान्य झाल्या. त्या घेणाऱ्यांच्या अंगावर व तोंडावर केस वाढूं लागले. हा उपद्रवच उपाय ठरला. डोक्यास लावण्याचा शेंकडा २ प्रमाणाचा द्राव १९८८ सालीं मान्य झाला, १९९६ सालीं तो चिठ्ठीवांचून मिळूं लागला, आणि पुढच्याच सालीं पुरुषांसाठीं शेंकडा ५ प्रमाणाचा द्राव आला. हें औषध कारणावर घाव घालीत नाहीं. तें केसाच्या वाढीचा काळ लांबवितें.

या औषधांपेक्षांहि महत्त्वाची अशी जी गोष्ट त्यांच्याबरोबर आली, ती म्हणजे मोजणी. फिनास्टराइडची परीक्षा १८ ते ४१ वर्षांच्या १५५३ पुरुषांवर झाली व तिचा वृत्तांत १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. एक इंच व्यासाचें वर्तुळ डोक्यावर आंखून त्यांतील केस छायाचित्रावरून मोजले. आरंभीं ते सरासरीनें ८७६ होते. निम्म्या लोकांस औषधाची व निम्म्यांस तशीच दिसणारी निर्गुण गोळी दिली. दोघांतील अंतर एका वर्षानें १०७ व दोन वर्षांनीं १३८ केसांचें पडलें. या अंतराचा कांहीं भाग नव्या केसांचा, व कांहीं भाग निर्गुण गोळी घेणाऱ्यांच्या चालू राहिलेल्या गळतीचा आहे. म्हणजे जेथें केस वाढलेले दिसले नाहींत तेथेंहि औषध काम करीत असूं शकतें, कारण तें नसतें तर आणखी गेले असते. मिनॉक्सिडिलच्या ३९३ पुरुषांवरील, ४८ आठवड्यांच्या परीक्षेंत शेंकडा ५ च्या द्रावानें शेंकडा २ च्यापेक्षां ४५ टक्के अधिक केस आले, असें २००२ सालीं प्रसिद्ध झालें. ज्याप्रमाणें बखरीच्या पक्षपाती कथेस त्याच दिवशींचें अस्सल पत्र अडवितें, त्याप्रमाणें ग्राहकाच्या पत्रास ही मोजणी अडविते.

तीच मोजणी औषधाचे दोषहि लिहून ठेवते. फिनास्टराइडच्या परीक्षांत कामवासना मंदावणें वगैरे तक्रारी, प्रत्येकी शेंकडा दोहोंहून कमी पुरुषांत, पण निर्गुण गोळीपेक्षां अधिक आढळल्या. कांहींच्या तक्रारी औषध सोडल्यावरहि टिकल्याचे वृत्तांत आल्यामुळें २०१२ सालीं अमेरिकेंत औषधासोबतच्या पत्रकांत तशी नोंद झाली. आणि २०२५ सालीं युरोपच्या औषधसंस्थेनें आत्महत्येचे विचार येणें हा या गोळीचा उपद्रव असल्याचें मान्य केलें, मात्र एकंदर लाभ हानीहून अधिक असल्याचा निर्णय कायम ठेवला. केसांसाठीं औषध घेणारा तरुण बहुधा निरोगी असतो. म्हणून थोड्या हानीचाहि विचार त्यानें आधींच केला पाहिजे.

शस्त्रक्रियेची हकीकत थोडक्यांत अशी. जपानांत शोजी ओकुडा यानें १९३९ सालीं केसांसह त्वचेचे लहान गोल तुकडे एका जागेवरून दुसऱ्या जागीं लावल्याचें प्रसिद्ध केलें. महायुद्धाच्या धामधुमींत तें पाश्चात्त्यांच्या नजरेस आलें नाहीं. न्यूयॉर्कचा नॉर्मन ओरेंट्राइख यानें १९५९ सालीं दाखविलें कीं, डोक्याच्या मागील बाजूचा केस कपाळावर लावला तरी तो आपल्या मूळ जागेचा गुण सोडीत नाहीं. मागचे केस टकलांत टिकतात, म्हणून लावल्यावरहि टिकतात. पण हा सांठा मर्यादित आहे. शस्त्रक्रियेनें केस हलतात, वाढत नाहींत.

(५)

आतां निवडीचा क्रम या इतिहासांतूनच आपोआप लागतो. प्रथम निदान : केस एकाएकीं, ठिपक्याठिपक्यांनीं किंवा मोठ्या तापानंतर सर्वत्र गळत असतील तर तो रोग दुसरा आहे, व चर्मवैद्यानेंच तो ओळखावा. नंतर पायरी : कूप जिवंत असतांना, केस बारीक होत असतांना औषध घेतलें तर फळ मिळतें, कातडी गुळगुळीत झाल्यावर वाग्भटाचा असाध्यतेचा निर्णय औषधांपुरता आजहि खरा आहे. म्हणून लौकर ओळखणें हाच पहिला उपाय. औषधांपैकीं मिनॉक्सिडिलचा द्राव डोक्यास लावावा लागतो, आरंभींचे कांहीं आठवडे गळती वाढल्यासारखी दिसते, व सोडल्यास मिळविलेले केस कांहीं महिन्यांत जातात. फिनास्टराइडची गोळी रोज घ्यावी लागते. तिचे उपद्रव समजून घेऊन, वैद्याच्या देखरेखींतच ती घ्यावी, मन उदास होऊं लागल्यास लागलीच सोडून वैद्यास सांगावें, आणि तिचे तुकडे वा चूर्ण गर्भवतीनें हाताळूं नये. दोहोंचेंहि फळ सहा महिन्यांआधीं मागूं नये, व वर्षाच्या आंत निकाल देऊं नये. त्यासाठीं आरंभींच, आणि पुढें ठराविक अंतरानें, त्याच उजेडांत व तितक्याच अंतरावरून डोक्याचें छायाचित्र काढून ठेवावें. आरशांतील रोजची आठवण हा पुरावा नव्हे. शस्त्रक्रिया तरुणानें घाईनें करूं नये, कारण लावलेल्या केसांच्या मागचे मूळचे केस गळत राहिले तर पुढें केसांचें बेट व मागें उघडी जमीन अशी स्थिति होते, आणि तोंवर मागचा सांठा खर्चलेला असतो.

कांहींच न करणें हीहि एक निवड आहे व ती कमी प्रतीची नाहीं. टकलानें प्रकृतीस अपाय होत नाहीं. आपले पूर्वज वस्तऱ्यानें डोकें साफ करीत व त्यांत त्यांना उणेपणा वाटत नसे. आजहि कित्येक तरुण तोच मार्ग घेतात. मात्र ज्यास केस राखावयाचे आहेत त्यास वेळ गमावून चालत नाहीं. अपालेनें बापाच्या मस्तकासाठीं इंद्राची करुणा भाकली, कारण तिच्यापाशीं दुसरा इलाज नव्हता. आजच्या तरुणापाशीं दोन परीक्षित औषधें, एक मर्यादित शस्त्रक्रिया व त्यांच्या गुणदोषांची लिहून ठेवलेली मोजणी आहे. तरीहि ग्राहकाच्या पत्रावर विसंबून तो पहिलीं दोन वर्षें तेलांत घालवील, तर ज्या काळांत कूप जिवंत होते तोच काळ त्याच्या हातून जाईल. आणि हॅमिल्टननें १९४२ सालीं दाखविल्याप्रमाणें, नंतर कारण दूर केलें तरी गेलेले केस परत येणार नाहींत.